नरक्याच्या कुट्टीची वाहतूक थांबवा: जैवविविधता मंडळ आणि वन विभागाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर;
प्रधान मुख्य वनसंरक्षक, महाराष्ट्र राज्य;
आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

स. न. वि. वि.

महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या पट्ट्यातल्या सदाहरित आणि निमसदाहरित रानात मोठ्या झाडांच्या सावलीला नरक्या वाढतो. काही भागांत त्याला अमृता म्हणतात, शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. फुलांना उग्र दुर्गंधी, लाकूड हलके, सुतारकामाला निरुपयोगी. तरी हेच झाड सह्याद्रीतून चोरीने सर्वाधिक बाहेर जाणाऱ्या वनस्पतींपैकी एक आहे, कारण त्याच्या सालीत, लाकडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन असते. कर्करोगावरच्या महत्त्वाच्या औषधांचा हा कच्चा माल.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की हे औषध मिळवायला झाड मारावे लागत नाही. तरीही ते मुळासकट उपटले जाते, कारण मेलेले झाड बारीक तुकडे (कुट्टी) करून विकणे आजच्या वाहतूक आणि नोंदीच्या पद्धतीत सगळ्यात सोपे आहे. ही पद्धत बदलणे तुमच्या हातात आहे. त्यासाठी नवा कायदा लागेल असे आम्हाला वाटत नाही. तीन-चार अटी नेमक्या शब्दांत लिहून त्या पाळून घ्याव्या लागतील.

आधी औषधाविषयी, कारण पुढच्या सगळ्या मागण्या त्यावर उभ्या आहेत. कॅम्प्टोथेसिन १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळे केले. वाणी हे मूळचे नंदुरबारचे. पुढे पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या दुसऱ्या औषधाची रचनाही याच जोडीने १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन भरपूर आहे हे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवले. म्हणजे या झाडाचे मोल शास्त्राला पन्नासहून अधिक वर्षे ठाऊक आहे, आणि पुढे ते व्यापारालाही कळले.

पेशी दुभंगण्याआधी डीएनएच्या धाग्याची नक्कल होते. तेव्हा सुंभाची दोरी उलगडताना पुढे पीळ चढत जावा तसा डीएनएलाही पीळ चढतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर एका धाग्याला छेद देऊन पीळ सोडवते आणि छेद पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या सांध्यात अडकते, छेद उघडा राहतो, आणि वेगाने दुभंगणारी पेशी त्यावर आदळून मरते. हा तपशील १९८५ च्या सुमारास उलगडला. त्याआधीच, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, या द्रव्याच्या रुग्णांवरील चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या. मूळ द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार दिला गेला. त्यात रेणूतले ‘लॅक्टोन’ नावाचे अणूंचे वर्तुळ उघडते, प्रभाव घटतो आणि विषारीपणा उरतो. रुग्णांच्या मूत्राशयात रक्तस्राव झाला, अस्थिमज्जा दबली. वाट सापडली ती रेणूत बदल करून. टोपोटिकॅन आणि आयरिनोटिकॅन या दोन औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पहिले बीजांडकोश आणि फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर, दुसरे मोठ्या आतड्याच्या. स्तनाच्या कर्करोगावर प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) जोडून दिली जाणारी काही नवी औषधेही याच रासायनिक कुळातली आहेत. त्यामुळे मागणी ओसरेल या आशेवर धोरण ठेवता येणार नाही.

इथेच एक इशारा. नरक्याची पूड किंवा काढा कर्करोगावर घरगुती उपाय म्हणून विकणारे आणि घेणारे दोघेही आहेत. त्या पुडीत किती कॅम्प्टोथेसिन आहे हे विकणाऱ्याला माहीत नसते, ते आतड्यातून किती शोषले जाईल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मात्रेतली छोटी चूकही पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. शुद्ध आयरिनोटिकॅन देतानाही डॉक्टर जुलाब आणि रक्ततपासणीवर सतत लक्ष ठेवतात, आणि यूजीटी१ए१ या जनुकात विशिष्ट बदल असलेल्यांना मात्रा कमी करतात. मंडळाच्या माहितीपत्रकांत या झाडापुढे नुसते ‘कर्करोगावर उपयुक्त’ असे छापू नये. ‘थेट सेवन धोकादायक’ हे त्याच ओळीत हवे.

आता हिशेब. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एका प्रचलित उपचारपद्धतीत आयरिनोटिकॅन दर चौरस मीटर शरीरपृष्ठाला १८० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी देतात. १.६ चौरस मीटर पृष्ठभाग धरला तर एका वेळेस २८८ मिलिग्रॅम, बारा वेळांचे साधारण साडेतीन ग्रॅम. रेणुभाराच्या प्रमाणात त्यामागे सुमारे १.८ ग्रॅम कॅम्प्टोथेसिन लागते. सुक्या लाकडात ते हजारात एक भाग धरले तर कागदावर १.८ किलो लाकूड. अर्क काढताना आणि पुढच्या रासायनिक टप्प्यांत दोन तृतीयांश वाया जाते असे धरले तरी पाच ते सहा किलो. कोवळ्या फांद्यांत प्रमाण निम्मे भरले तर दहा-बारा किलो. एका रुग्णाच्या पूर्ण उपचाराला एवढेच लागते! टोपोटिकॅनची मात्रा तर याहून कितीतरी कमी. हा अंदाज ढोबळ आहे, पण आकड्याची जात बघा. शेताच्या बांधावर आणि परड्यात लावलेल्या, छाटून पुन्हा फुटणाऱ्या झाडांच्या आवाक्यातली ही मागणी आहे. घनदाट रानातली जुनी झाडे मुळासकट खणून नेण्याचे समर्थन रुग्णांच्या नावाने कुणी करत असेल तर ते चुकीचे आहे.

मग झाड उपटले का जाते? मुळांत प्रमाण बहुधा जास्त भरते, मजुराला वजनावर पैसे मिळतात, आणि पुढच्या वर्षी याच झाडाकडे यायचे आहे असा भरवसा त्याला कुणी दिलेला नाही. बुंध्याची साल गोलाकार सोलली तर वरचा भाग वाळून मरतो. मुळे खणली तर फुटव्याची शक्यताच संपते. याउलट जमिनीपासून फूटभर वर तिरपा, साल न फाटता घेतलेला छाट असेल, तर नरक्या खोडातून पुन्हा फुटतो. छाटणी पावसाळ्याच्या तोंडावर केलेली बरी. ऐन पावसात छाट ओला राहून कुजतो. फुटव्यांची गर्दी झाली की तीन-चार जोमदार ठेवून बाकीचे काढावेत, आणि गुरांपासून पहिली दोन वर्षे तरी जपावे.

आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी इथून निघते: नरक्याच्या कुट्टीची वाहतूक पूर्ण बंद करा. लाकडाचे बारीक तुकडे पोत्यात भरले की ते मूळ आहे की फांदी, नरक्या आहे की जळाऊ लाकूड, रानातले की लागवडीचे, हे नाक्यावर उभ्या असलेल्या वनरक्षकाला डोळ्यांनी कळणे अशक्य आहे. सगळी चोरी या एका सोयीवर चालते. म्हणून वाहतूक परवाना फक्त साल शाबूत असलेल्या, मनगटापेक्षा बारीक, हातभर लांब फांद्यांच्या मोळ्यांना आणि वाळलेल्या पानांना द्यावा. मूळ, बुंधा, सुटी साल, कुट्टी, भुकटी यांना परवाना नाही. कुट्टी करायची ती नोंदणी केलेल्या कारखान्यात, आवक वजन केल्यावरच. मोळ्यांना जागा जास्त लागते, वाहतूक महाग पडते, हे व्यापारी सांगतील आणि ते खरे आहे. पण दर किलोमागे वाढणारा तो खर्च तयार औषधाच्या किमतीपुढे नगण्य आहे. शिवाय कुट्टीची धूळ श्वासातून जाते. पेशी मारणारे द्रव्य असलेले लाकूड मजूर उघड्या हातांनी, तोंडाला काही न बांधता फोडत असतील तर तो त्यांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. कारखान्यात धूळ ओढणारी यंत्रे, हातमोजे, मास्क यांची सक्ती करता येते, रानातल्या पालाखाली नाही.

नाक्यावरच्या संशयित मालासाठी एक साधी प्राथमिक चाचणी लगेच सुरू करता येईल. कॅम्प्टोथेसिन ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ठळक निळे चमकते. चमचाभर भुसा झाकणाच्या छोट्या बाटलीत दहा मिलिलिटर स्पिरिटमध्ये घालून दहा मिनिटे हलवावा. वरचे निवळ दोन थेंब गाळणकागदावर टाकून वाळू द्यावेत. शेजारी खात्रीच्या नरक्याचा आणि खात्रीच्या दुसऱ्या लाकडाचा थेंब टाकावा. मग अंधारात टॉर्च धरून तिन्ही डाग ताडून पाहावेत. टॉर्च ३६५ चीच हवी. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ३९५ च्या टॉर्चमध्ये जांभळा प्रकाश इतका सांडतो की फिकट चमक दिसत नाही. पानांचा माल असेल तर हरितद्रव्याची लाल चमक निळीला झाकते. आणि निळे चमकणारी इतरही वनस्पतिद्रव्ये आहेत, त्यामुळे एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. गाडी थांबवायला मात्र एवढे पुरेसे आहे. पंचनाम्यात पन्नास ग्रॅमचे दोन नमुने कागदी पाकिटात सीलबंद करावेत, एक कॅम्प्टोथेसिन मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीला, एक डीएनएवरून जात ओळखणाऱ्या बारकोड तपासणीला. प्लास्टिकच्या पिशवीत ओला माल बुरशीने काळा पडतो, डीएनए तुटतो आणि न्यायालयात प्रयोगशाळेचा अहवाल लंगडा ठरतो.

जप्त मालाचे काय करायचे हेही ठरवा. तो लिलावात काढला तर चोरीचा माल सरकारी पावतीने स्वच्छ होऊन त्याच साखळीत परततो. त्यापेक्षा मानक नमुन्यांसाठी लागेल तेवढा सार्वजनिक संशोधन संस्थांना द्यावा आणि उरलेला नोंद करून नष्ट करावा.

दुसरी मागणी उगम प्रमाणपत्राबद्दल. जैवविविधता कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. लागवडीच्या औषधी वनस्पतींना तिच्यामुळे कायद्याच्या काही अटींतून सूट मिळाली आहे, आणि माल लागवडीचाच आहे हे सांगणारा कागद गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती देणार आहे. शेतकऱ्याला लागवडीकडे वळवणारी म्हणून ही सूट आम्हाला मान्य आहे. धोका असा की रानातला नरक्या याच कागदावर ‘लागवडीचा’ होऊन बाहेर पडेल, आणि दोष समितीच्या माथी येईल. समितीकडे तराजू नाही, वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, वर्षाकाठी होणाऱ्या बैठकाही मोजक्याच. तिला हो किंवा नाही म्हणण्याचा आधार द्यायला हवा.

तो आधार म्हणजे किलोचा आकडा. प्रमाणपत्रावर वजन नसेल तर एकाच कागदावर दहा गाड्या जातात. प्रत्येक लागवडदाराची साधी वही ठेवा: रोपे कुठून आणली त्याची पावती, लावल्याचा महिना, सातबाऱ्यावर नोंद, दरवर्षी जिवंत झाडांची मोजणी, बुंध्याचा घेर, छाटणीची तारीख. समजा पाचशे झाडे आहेत आणि एका छाटणीत झाडामागे दीड किलो सुका माल मिळतो. मग प्रमाणपत्र साडेसातशे किलोचेच, तीन महिने मुदतीचे, एका गाडीचे. दीड किलो हा आकडा आम्ही उदाहरणापुरता घेतला आहे. वय आणि घेरानुसार खरे कोष्टक कृषी विद्यापीठाच्या मदतीने दोन-तीन हंगामांत तयार होईल. तीन वर्षांच्या आतल्या बागेला प्रमाणपत्र देऊच नये, आणि समितीच्या एका सदस्याने छाटलेल्या खोडांपाशी उभे राहून काढलेला तारखेचा फोटो वहीला जोडावा. चंदगड, दोडामार्ग अशा सीमेवरच्या तालुक्यांत गोवा आणि कर्नाटकाच्या वन विभागांना या प्रमाणपत्रांचे क्रमांक पडताळता आले पाहिजेत, नाहीतर नाका ओलांडला की कागद तपासणारे कुणी उरत नाही.

लाभवाटपाचा, म्हणजे व्यापारातून गावाला मिळायच्या हिश्श्याचा, विचारही इथेच व्हावा. खरेदी किमतीवर आधारलेला हिस्सा जळाऊ लाकडाच्या दराने मोजला तर गावाच्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही. मालाची किंमत त्यातल्या कॅम्प्टोथेसिनच्या टक्केवारीवर ठरवा. कारखाना आवक मालाची ही तपासणी स्वतःसाठी करतोच, तो अहवाल मंडळालाही देणे बंधनकारक करा. या बाबतीत केरळातल्या कानी समाजाचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. अगस्त्यमलय डोंगरातल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीवरून तयार झालेल्या औषधाच्या परवाना शुल्काचा निम्मा वाटा त्या समाजाच्या न्यासाला मिळाला, जगभर त्याचे कौतुक झाले. पण ती वनस्पती रानाजवळ लावायची आणि विकायची परवानगी वेळेवर मिळाली नाही, आणि उत्पादन अडखळले. पैशाचा करार झाला तरी कच्च्या मालाची कायदेशीर वाट नसेल तर तो कागदावरच राहतो.

तिसरी मागणी ऐकायला विचित्र वाटेल: गावातल्या जीवजातींची नोंद ठेवणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीत नरक्याच्या झाडांची नेमकी ठिकाणे उघड ठेवू नका. अक्षांश-रेखांशांसह छापलेली नोंदवही चोरासाठी तयार नकाशा आहे. उघड प्रतीत गावाचे नाव आणि ‘आढळ आहे’ एवढेच असावे. ठिकाणांची प्रत मंडळाकडे आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे सीलबंद राहावी. शोधनिबंधांतही हाच नियम हवा, आणि संशोधनाच्या परवानगीपत्रातच ती अट घालता येते.

त्या परवानगीपत्रांबद्दल स्पष्टच बोलायला हवे. झाडागणिक कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण खूप बदलते. एकाच रानात शेजारच्या दोन झाडांतही मोठा फरक निघतो. मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्यापासून रोपे करायची ती झाडे, निवडायचे तर शेकडो झाडांचे नमुने एकाच हंगामात घ्यावे लागतात, कारण ऋतूनुसारही प्रमाण हलते. झाडामागे दहा ग्रॅम पाने आणि पेन्सिलीएवढी वीस ग्रॅम फांदी पुरते, सालीला हात लावायची गरज नसते. एवढ्यासाठी विभागागणिक वेगळी परवानगी, प्रत्येकीची वेगळी मुदत, असे झाले की हंगाम हातून जातो आणि माहिती तुकड्यांत मिळते. संपूर्ण सह्याद्रीसाठी एक अर्ज, एक परवाना, आणि नमुना घेण्याची एकच लिखित पद्धत ठेवा. तिच्यात या गोष्टी असाव्यात: उंची, १.३७ मीटरवरचा घेर, फुलाचा प्रकार, सिलिका जेलमध्ये वाळवलेला नमुना, आणि दर ठिकाणच्या एका हर्बेरियम पत्राची (दाबून वाळवलेल्या फांदीच्या नमुन्याची) भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे कार्यालयात जमा.

फुलाचा प्रकार आम्ही मुद्दाम लिहिला. नरक्याची काही झाडे द्विलिंगी फुलांची, काही नुसती नर, काही नुसती मादी. सर्वाधिक कॅम्प्टोथेसिन देणारे एकच झाड निवडून त्याच्याच कलमांनी हजारो रोपे केली आणि ते नर निघाले, तर त्या बागेला फळ धरणार नाही. शिवाय एक कीड किंवा बुरशी आली की सगळी बाग एकदम जाईल. प्रत्येक विभागातून किमान वीस-पंचवीस मातृवृक्ष, मिश्र फुलांचे, असे धोरण हवे. रोपवाटिकेसाठी गडद जांभळी पिकलेली फळेच घ्यावीत आणि गर धुऊन बी लगेच सावलीत पेरावे. बिया सावकाश आणि मागेपुढे उगवतात, म्हणून महिन्या-दीड महिन्यात उगवल्या नाहीत की वाफा मोडणे ही नेहमीची चूक टाळावी. प्रत्येक झाडावरची निम्मी फळे पाखरांसाठी आणि रानासाठी सोडलीच पाहिजेत. राज्याच्या ज्या जनुक कोश प्रकल्पाला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, त्यात हे काम सहज बसते.

प्रयोगशाळेतून येणाऱ्या पर्यायांवर मात्र अजून विसंबू नका. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी नरक्याच्या पेशींची द्रवमाध्यमात वाढ करून त्यांतून कॅम्प्टोथेसिन मिळवले. झाडाच्या आत राहणाऱ्या काही बुरशींतही ते सापडले, २००५ मध्ये नरक्यातल्याच एका बुरशीबद्दल तसे प्रसिद्ध झाले. हे संशोधन मोलाचे आहे आणि त्याला पैसा मिळायलाच हवा. पण अशा बुरशी पिढ्यान्‌पिढ्या काचपात्रात वाढवल्या की द्रव्य बनवण्याची त्यांची क्षमता घटत जाते, असा अनुभव आहे. आणि ती बुरशी मिळते तीही रानातल्या जिवंत झाडातच.

पॅक्लिटॅक्सेलच्या बाबतीत जगाने हा रस्ता एकदा पार केला आहे. आधी यू वृक्षाची साल सोलली गेली, आपल्या हिमालयातली झाडेही त्या लाटेत गेली. पुढे सुयांसारख्या पानांतून मिळणाऱ्या पूर्वद्रव्यापासून औषध बनू लागले आणि छाटणी पुरेशी ठरली. नरक्यासाठी तो बदल रसायनशास्त्राने आधीच शक्य केला आहे, अडले आहे ते परवान्याच्या नमुन्यापाशी.

म्हणून विनंती अशी. येत्या पावसाळ्याआधी मंडळ आणि वन विभागाने एक संयुक्त परिपत्रक काढावे: कुट्टी, साल आणि मुळांच्या वाहतुकीला बंदी, वजन आणि मुदत लिहिलेले उगम प्रमाणपत्र, ठिकाणांची गोपनीयता. नाक्यांवरच्या कर्मचाऱ्यांना अतिनील चाचणीचे प्रशिक्षण अर्ध्या दिवसात देता येते. त्यासाठी लागणारे खात्रीचे नमुने, चाचणीची मराठी कृतिपत्रिका आणि शिकवणारी माणसे आम्ही विनामूल्य देऊ. नमुने घेण्याच्या पद्धतीचा मसुदाही तयार आहे. तो कोणत्या कार्यालयात सादर करायचा, एवढे कळवावे.

आपले,
सह्याद्रीतील वनस्पती, औषधी रसायने आणि कर्करोगावरील उपचार या क्षेत्रांत काम करणारे काही अभ्यासक